वादळाचे केंद्र कोठे?

लोणंद : अरबी समुद्रात चक्रीवादळ उठले की कांद्याची बाजारपेठ असलेल्या लोणंदमध्येही उघड्यावरील मालाची चिंता सुरू होते. हौशी निरीक्षकांच्या मदतीला येतो तो १८५७ मध्ये डच शास्त्रज्ञ बाइज बॅलट यांनी मांडलेला नियम. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यास कमी दाबाचे केंद्र डाव्या हाताला असते. पूर्वेचा वारा आग्नेयेकडून व नंतर दक्षिणेकडून वाहू लागल्यास वादळ पश्चिमेच्या बाजूने उत्तरेस सरकत आहे, असे समजावे. सह्याद्रीच्या रांगा मात्र हा अंदाज चुकवू शकतात. तीव्रता ओळखणे याहून कठीण. बॅरोमीटरचा पारा उतरला, तरी वादळ बळावले की केवळ जवळ आले, हे एका ठिकाणाहून कळत नाही. २ जून २०२० रोजी चक्रीवादळ बनलेले 'निसर्ग' दुसऱ्याच दिवशी तीव्र होऊन अलिबागच्या दक्षिणेस धडकले होते.