कुटुमसर गुहेचा पूर्वेतिहास

भिलाईच्या मरोद्याहून नैसर्गिक गुहा पाहायला निघणाऱ्याला धमतरी, कांकेर, जगदलपूर असा बस्तरचा रस्ता धरावा लागतो. भिलाईच्या पोलाद-भट्ट्यांना नंदिनीच्या खाणीतून मिळाला तसाच चुनखडक कांगेर खोऱ्यात पाण्याने विरघळून कुटुमसरची गुहा घडली. गावकऱ्यांना ती ठाऊक होती, गोपनसर म्हणून. शास्त्रीय पाहणी मात्र 1950 च्या दशकात प्रा. शंकर तिवारी यांनी केली. तिथल्या एका रातकिड्याचे 'केम्पिओला शंकरी' हे नाव त्यांचीच आठवण ठेवते, आणि ते उचितच आहे.

आत शिरायची वाट म्हणजे एक अरुंद फट. खाली काळोख, ओलसर ऊब, छतापासून लोंबणारे चुन्याचे खांब. डबक्यांत फिकट, क्षीण दृष्टीचे मासे. त्यांची जात 1872 मध्ये फ्रान्सिस डे यांनी पुण्याच्या माशांवरून नोंदवली होती. उघड्या ओढ्यांतले त्यांचे भाईबंद डोळस आणि रंगीत असतात.

1982 मध्ये कांगेरचे हे खोरे राष्ट्रीय उद्यान झाले. पावसाळ्यात गुहेत पाणी भरते, म्हणून ती बंद असते. हिवाळ्यात जावे, वाटाड्या आणि दिवा सोबत घ्यावा. खांबांना हात मात्र लावू नये, कारण त्यांची वाढ हजारो वर्षांची असते.