भिवंडीतून निघालेला ‘तमस’

२०२० साली आलेल्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ या व्हिडिओ गेमने खेळणाऱ्यांच्या जगात मोठे वादळ उठवले. पहिल्या भागात ज्या जोएलच्या भूमिकेतून आपण खेळलो, त्याला एक अनोळखी तरुणी हाल करून ठार मारते. आणि खेळ मध्यावर आला की सूडाने पेटलेल्या खेळाडूला त्या मारेकरणीच्याच भूमिकेत शिरावे लागते. तिने हे का केले, ते तेव्हा कुठे उलगडते. २०२५ साली एचबीओने याच कथेवरची मालिका दाखवली, तेव्हा ते कारण प्रेक्षकाला आरंभीच सांगून टाकले गेले. खेळाडूला जे स्वतःच्या हाताने करावे लागत होते, ते प्रेक्षकाला नुसते पाहायचे होते. माध्यम बदलले तसा कथेतल्या माहितीचा क्रमही बदलला. कथाकार नील ड्रकमन यांनी या कथेचे बीजही सांगितले आहे. २००० साली रामल्ला येथे जमावाने दोन इस्रायली सैनिकांना ठार केले. त्याचे चित्रण पाहून मनात उसळलेला सूड आणि पुढे त्या सूडाची वाटलेली लाज, हे ते बीज.

जमावाच्या हिंसेतून उगवलेली, वादात सापडलेली आणि अखेर घराघरांतल्या पडद्यावर पोहोचलेली अशी एक कथा आमच्या ठाणे जिल्ह्याचीही आहे. ती लिहिली गेली हिंदीत, घडते पंजाबात, आणि आम्ही ती पंजाबची म्हणूनच पाहिली. तिचा धागा भिवंडीला बांधलेला आहे, हे आमच्यापैकी फारच थोड्यांच्या ध्यानात असते.

कल्याणला दुर्गाडीचा पूल ओलांडला की कोनगाव लागते आणि पुढे भिवंडी. यंत्रमागांचे हे गाव ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी पेटले. त्या दंगलीचे लोण जळगाव आणि महाडपर्यंत गेले, चौकशीसाठी न्या. मादन आयोग नेमला गेला. दंगलीनंतर अभिनेते बलराज साहनी भिवंडीला गेले, तेव्हा त्यांचे धाकटे बंधू भीष्म साहनी सोबत होते. साहनी बंधू मूळचे रावळपिंडीचे. मार्च १९४७ मध्ये त्या भागात जे घडले ते भीष्मजींनी जवळून पाहिले होते. मदत समितीच्या कामासाठी उद्ध्वस्त खेड्यांतून हिंडून त्यांनी हानीची माहिती गोळा केली होती. तेवीस वर्षे ते सारे मनात निपचित पडून होते. भिवंडीच्या मोडक्या, जळक्या घरांमधून चालताना ते जागे झाले, आणि दिल्लीला परतल्यावर लेखनाला सुरुवात झाली. हे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मकथनात नोंदवले आहे. १९७३ साली ‘तमस’ प्रसिद्ध झाली आणि १९७५ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

कादंबरीच्या आरंभी कातडी कमावणारा नथू एका कोंदट खोलीत रात्रभर एका डुकराशी झुंजतो आहे. पशुवैद्य साहेबाला हवे आहे, असे सांगून मुरादअलीने त्याला ते मारायला लावले आहे. सकाळी तेच मेलेले जनावर मशिदीच्या पायऱ्यांवर सापडते. त्यानंतर गावात जे जे होते, त्यात प्रत्येकाकडे दुसऱ्याच्या दुष्टपणाचे पुरावे असतात. खरी गोष्ट मात्र फक्त नथूला, त्याने जिच्यापाशी मन मोकळे केले त्या बायकोला आणि वाचकाला ठाऊक असते.

गोविंद निहलानींनी दूरदर्शनसाठी मालिका केली, तेव्हा त्यांनी नेमके हे मर्म पकडले. निहलानी १९४० साली कराचीत जन्मलेले. फाळणीने त्यांचेही घर उठवलेले. कादंबरीत नथू पुढे जवळजवळ दिसेनासा होतो. मालिकेने मात्र त्याला आणि गरोदर कर्मोला, म्हणजे ओम पुरी आणि दीपा साही यांना, शेवटपर्यंत वाटेवर ठेवले. हा बदल केवळ नाट्यासाठी नव्हता. वाचकाला पुस्तक मिटून विचार करता येतो. मालिकेच्या प्रेक्षकाला दर आठवड्याला कोणी तरी त्या गुपिताची आठवण करून द्यावी लागते. नथूचा चेहरा ते काम करतो. वर उल्लेखिलेल्या खेळात न जाणता केलेल्या कृत्याचे ओझे खेळाडूवर पडते. ‘तमस’मध्ये जाणत असूनही काही करता न येण्याचे ओझे प्रेक्षकावर पडते. आणि ज्या वृद्ध शीख दुकानदाराला बायकोसह रातोरात गाव सोडावे लागते, तो हरनामसिंग स्वतः भीष्म साहनींनीच उभा केला. लिहिणारा माणूस आपल्याच कथेत बेघर होऊन चालत होता.

९ जानेवारी १९८८ पासून शनिवारी रात्री ‘तमस’ दिसू लागली. त्याच दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘रामायण’ चालू होते. देशाला एकाच पडद्यावर लागोपाठ दोन कथा ऐकवल्या जात होत्या, आणि वाद उठला तो शनिवारच्या कथेवर. निदर्शने झाली, निहलानींना धमक्या आल्या. मालिकेमुळे तेढ वाढेल, असे म्हणत मुंबई उच्च न्यायालयात अर्ज झाला आणि २१ जानेवारीला एकसदस्य न्यायपीठाने प्रक्षेपणाला स्थगिती दिली. मग न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी संपूर्ण मालिका पाहिली आणि स्थगिती उठवली. निरक्षर माणूस म्हणजे समज नसलेला माणूस नव्हे. माथी भडकवणाऱ्यांचे डाव पडद्यावर दिसले तर ते त्यालाही ओळखता येतात, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. १६ फेब्रुवारी १९८८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही मालिकेविरुद्धची याचिका फेटाळली. अशा कलाकृतीचा परिणाम जोखताना दुबळ्या, डळमळीत मनाचा माणूस प्रमाण धरायचा नसतो, विवेकी आणि खंबीर मनाचा माणूस धरायचा असतो, हे सूत्र तेथे पुन्हा मांडले गेले.

न्यायालयांनी प्रेक्षकावर विश्वास टाकला. आम्ही त्या विश्वासाला उतरलो का, हा प्रश्न आम्हांला अस्वस्थ करतो. मालिकेच्या अवघी चार वर्षे आधी, मे १९८४ मध्ये, भिवंडी पुन्हा पेटली होती आणि ती आग ठाणे-मुंबईपर्यंत पोहोचली होती. तरीही १९८८ च्या त्या शनिवारी आम्ही जे पाहिले ते आमच्या लेखी दूरच्या मुलखातले, चाळीस वर्षांपूर्वीचे होते. फाळणी ही पंजाब-बंगालची गोष्ट, हा समज महाराष्ट्राला फार सोयीचा आहे. भीष्मजींनी उलट दिशेने प्रवास केला होता: भिवंडी पाहिली म्हणून त्यांना रावळपिंडी आठवली. आम्ही मात्र रावळपिंडी पाहूनही भिवंडी आठवली नाही. आणि पाच वर्षांच्या आत, डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये, मुंबईने स्वतःच्या डोळ्यांनी ते सारे पाहिले.

पण या कथेला आणखी एक टोक आहे. कादंबरीच्या शेवटी अमन कमिटी स्थापन होते. शांततेच्या घोषणा देत तिची बस गावातून फिरते, आणि त्या बसमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून सर्वांत मोठ्याने घोषणा देणारा असतो मुरादअली. राख थंड झाल्यावर येणाऱ्या शांतता समित्यांवर इतका जहरी शेरा दुसरा नसेल. योगायोग असा, की ज्या १९८८ साली हा शेवट देशाने पाहिला, त्याच साली पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला समित्या उभारायला सुरुवात केली. दोन्ही समाजांची सामान्य माणसे आणि पोलीस एकत्र बसू लागले, ते दंगल नसताना. नळाचे, गटाराचे, भाडेकरूचे तंटे मिटवता मिटवता माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

हे मालिकेमुळे झाले, असे म्हणण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. कथा दंगल थांबवत नाही. ती फार तर पायरीवरच्या मेलेल्या जनावराकडे बोट दाखवून विचारते, हे येथे कोणी आणून टाकले? तो प्रश्न दंगलीनंतर विचारला तर त्याचा चौकशी अहवाल होतो. आधी विचारता येईल इतकी शेजाऱ्याची ओळख असावी लागते. ‘तमस’चे बीज जेथे पडले, त्या गावाने निदान एकदा तरी तो वेळेवर विचारून दाखवला. दुर्गाडीचा पूल ओलांडताना एवढे आम्ही लक्षात ठेवावे.