वीस हजारांत माउंटन बाइक : दिखाऊ नव्हे, टिकाऊ निवडा

शहरातील सायकलींच्या कोणत्याही मोठ्या दुकानात पाऊल टाकले, की प्रथम नजर जाते ती जाड टायरच्या, भडक रंगांच्या, पुढे-मागे शॉकअप लावलेल्या ‘माउंटन बाइक’कडे. रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत किंवा येऊरच्या रस्त्याने फेरफटका मारावा, एरवी कार्यालयात जाण्यासाठीही ती वापरावी, असा विचार करून अनेक जण ती घरी आणतात. सहा महिन्यांनी यांतील कित्येक सायकली सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या आढळतात. हौस संपली हे कारण नेहमीच खरे नसते. ब्रेक लागत नाहीत, गिअर अडकतात, चाक डुलते, पाठ दुखते, अशा तक्रारींनी सायकल नकोशी होते. आणि या तक्रारींचे मूळ बहुधा खरेदीच्या दिवशीच्या निवडीत असते.

खिशात ठरावीक रक्कम असेल, तर निर्मात्यालाही त्याच रकमेत सारे बसवायचे असते. त्याने दिसणाऱ्या गोष्टींवर खर्च केला, तर न दिसणाऱ्या गोष्टींत काटकसर होणार, हे उघड आहे. म्हणूनच मर्यादित पैशांत सायकल निवडताना ‘तीत काय काय आहे’ यापेक्षा ‘जे आहे ते कशा प्रतीचे आहे’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. वीस हजार रुपयांची मर्यादा गृहीत धरून या निवडीची सूत्रे येथे मांडली आहेत. रक्कम कमी-अधिक असली, तरी सूत्रे बदलत नाहीत.

मुळात माउंटन बाइक म्हणजे काय?

या सायकलीचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मरिन काउंटीच्या डोंगरांत झाला. १९७० च्या दशकात तेथील काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन कच्च्या रस्त्याने वेगाने खाली आणत. फेअरफॅक्स गावाजवळील अशाच एका उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिली शर्यत झाली. या शर्यतीचे नाव ‘रिपॅक’. एका उतरणीतच मागच्या हबमधील ब्रेक इतका तापे, की आतले ग्रीस जळून जाई आणि हब उघडून ते पुन्हा भरावे लागे; त्यावरून हे नाव पडले. पुढे १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी नवी फ्रेम बांधली आणि १९८१ मध्ये ‘स्पेशलाइज्ड’ कंपनीची ‘स्टम्पजम्पर’ ही मोठ्या प्रमाणावर तयार झालेली माउंटन बाइक बाजारात आली. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये या प्रकाराचा समावेश झाला.

‘रॉकशॉक्स’चा पुढचा शॉकअप बाजारात आला तो १९८९ मध्ये. म्हणजे पहिली दहा-बारा वर्षे माउंटन बाइक शॉकअपवाचूनच डोंगर उतरत होती! मजबूत फ्रेम, रुंद टायर, भरवशाचे ब्रेक आणि चढाला साथ देणारे गिअर, हीच तिची खरी ओळख होय.

आधी माप, मग रंग

आपल्याकडे दुकानात ‘सव्वीसची सायकल’, ‘एकोणतीसची सायकल’ असे म्हटले जाते. हे माप चाकाचे असते, फ्रेमचे नव्हे. एकाच २९ इंची चाकावर लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन-चार फ्रेम येतात. अंगाला बसणारी असायला हवी ती फ्रेम. साधारणपणे पाच फूट दोन ते पाच इंच उंचीच्या व्यक्तीस १५-१६ इंची, पाच फूट सहा ते नऊ इंच उंचीच्या व्यक्तीस १७-१८ इंची आणि त्याहून उंच व्यक्तीस १९ इंची किंवा अधिक मापाची फ्रेम योग्य ठरते. निर्मात्यागणिक यात थोडा फरक पडतो.

त्यामुळे प्रत्यक्ष तपासणे उत्तम. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून सायकलीच्या मधोमध उभे राहिल्यावर आडवी नळी आणि शरीर यांत किमान पाच सेंटिमीटर अंतर हवे. सीटवर बसून पेडल सर्वांत खाली नेले, की गुडघा किंचित वाकलेला असावा. हँडल धरताना खांदे ताणले जाऊ नयेत. ‘सीट वर-खाली करून देतो’ या आश्वासनाने चुकीच्या मापाची फ्रेम योग्य होत नाही. हवे ते माप शिल्लक नसेल, तर दोन आठवडे थांबावे. सायकल मात्र बदलू नये.

शॉकअपचा मोह

स्वस्त सायकलींत सर्वाधिक फसवी गोष्ट म्हणजे मागचा शॉकअप. चांगल्या प्रतीच्या सायकलीत तो उपयुक्त असतो. परंतु त्यासाठी सांधे, बेअरिंग आणि दाब नियंत्रित करणारी यंत्रणा लागते आणि ती महाग असते. वीस हजारांच्या आतील सायकलीत तिच्या जागी बहुधा केवळ एक स्प्रिंग असते. पेडल मारताना ती दबते, म्हणजे पायांचा काही जोर चाकाऐवजी स्प्रिंगमध्येच जिरतो. वजन १७-१८ किलोपर्यंत जाते आणि काही महिन्यांतच सांधे कुरकुरू लागतात. या किमतीत दोन्हीकडे शॉकअप असलेली सायकल घेऊ नये, हा नियम निःसंकोच पाळावा.

पुढच्या शॉकअपबाबत थोडा विचार करता येतो. स्प्रिंगचा स्वस्त फोर्क अडीच किलोच्या आसपास भरतो. साधा, न दबणारा फोर्क साधारण त्याच्या निम्म्या वजनाचा असतो. रोजचा डांबरी रस्ता, अधूनमधून टेकडीवरची मातीची वाट, एवढाच वापर असेल तर साधा फोर्क आणि रुंद टायर पुरेसे होतात आणि वाचलेले पैसे ब्रेक व चाकांत जातात. खडकाळ वाटांवर वारंवार जाणार असाल, तर पुढचा शॉकअप घ्यावा. मात्र तो चढावर बंद करण्याची सोय, म्हणजेच ‘लॉकआउट’, आहे का, ते पाहावे.

ब्रेक : येथे तडजोड नको

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, तर सिंहगडाचा माथा १,३०० मीटरच्या आसपास. गड उतरताना सायकल आणि स्वार यांचा सारा वेग रोखण्याचे काम दोन ब्रेकना करावे लागते. त्यातच पावसाळा असेल, तर परीक्षा आणखी कठीण होते.

कडेला रबर दाबणारे ‘व्ही-ब्रेक’ कोरड्या रस्त्यावर उत्तम काम देतात, दुरुस्तीला सोपे असतात आणि त्यांचे रबर सहज मिळते. चिखल-पाण्यात मात्र त्यांची पकड कमी होते आणि मातीच्या कणांनी रिम झिजते. चाकाच्या मध्यभागी चकती असलेला डिस्क ब्रेक अशा वेळी सरस ठरतो. त्यात केबलवर चालणारा आणि तेलाच्या दाबावर चालणारा, म्हणजे हायड्रॉलिक, असे दोन प्रकार आहेत. हायड्रॉलिक ब्रेक कमी जोरात अधिक पकड देतो. परंतु त्याची देखभाल जाणकाराकडूनच करून घ्यावी लागते.

केवळ ‘डिस्क आहे’ एवढ्यावर मात्र भुलू नये. अनोळखी बनावटीच्या पत्र्याच्या डिस्क ब्रेकपेक्षा नावाजलेल्या कंपनीचा व्ही-ब्रेक अधिक विश्वासार्ह असतो. व्ही-ब्रेक घेतल्यास रिम अ‍ॅल्युमिनियमचीच हवी. चकाकणाऱ्या लोखंडी रिमवर पावसात रबर अक्षरशः घसरते. फ्रेमवर आणि हबवर डिस्क बसवण्याची जागा ठेवलेली असेल, तर पुढे ब्रेक बदलण्याचा मार्ग मोकळा राहतो.

‘२१ गिअर’चे गणित

पुढे तीन आणि मागे सात दातेरी चकत्या, म्हणून २१ गिअर. प्रत्यक्षात त्यांतील अनेक एकसारखेच असतात. या वर्गात सर्रास आढळणारी मांडणी घेऊ : पुढे ४२, ३४ आणि २४ दाते, मागे १४ पासून २८ पर्यंत. पुढे ४२ व मागे २८ असता पेडलच्या एका फेरीत चाक दीड फेरी फिरते. पुढे २४ व मागे १६ असतानाही दीडच! ३४-२८ आणि २४-२० या जोड्याही जवळजवळ समान आहेत. शिवाय चेन फार तिरपी होत असल्याने काही जोड्या वापरूच नयेत.

त्यामुळे गिअरच्या संख्येपेक्षा सर्वांत हलका गिअर कोणता, हे विचारावे. वरील मांडणीत तो २४-२८, म्हणजे एका पेडल-फेरीत चाकाच्या ०.८६ फेऱ्या. मागची मोठी चकती ३४ दात्यांची असेल, तर हाच आकडा ०.७१ होतो आणि चढावर पेडलवरचा जोर सुमारे १८ टक्क्यांनी घटतो. घाट चढताना उतरून सायकल ढकलावी लागणार की नाही, हे अनेकदा या सहा दात्यांवर ठरते.

दुसरा मुद्दा मागच्या हबचा. सात गिअरच्या बहुतेक स्वस्त सायकलींत आटे फिरवून बसवलेले फ्रीव्हील असते. त्यात उजव्या बाजूचे बेअरिंग आसाच्या टोकापासून बरेच आत राहते. त्यामुळे वजनदार स्वार आणि खड्डे यांच्या माऱ्याने आस वाकू शकतो. आठ किंवा नऊ गिअरच्या ‘कॅसेट’ पद्धतीत बेअरिंग बाहेरच्या बाजूस असल्याने आस अधिक टिकतो. दोन सायकलींत निवड करायची असेल, तर कॅसेट असलेली घ्यावी. गिअर बदलणाऱ्या भागांत शिमानो कंपनीची ‘टूर्नी’ ही पायाभूत श्रेणी असून तिच्यावर अनुक्रमे ‘आल्टस’ आणि ‘असेरा’ या श्रेणी येतात. काही विक्रेते मागचा, डोळ्यांत भरणारा भाग वरच्या श्रेणीचा दाखवतात. पुढचा भाग, शिफ्टर आणि क्रँकही पाहूनच मत बनवावे.

चाके, टायर आणि हवा

चाके २६, साडेसत्तावीस आणि २९ इंची अशा तीन मापांत येतात. मोठे चाक खड्ड्यांवरून अधिक सहज जाते. लहान चाक चपळ आणि मजबूत असते. पाच फूट चार इंचांहून कमी उंचीच्या व्यक्तींनी २९ इंची चाकाचा आग्रह धरू नये. आडगावी पंक्चर झाल्यास २६ इंची ट्यूब मिळण्याची शक्यता अधिक, हाही व्यावहारिक मुद्दा आहे.

टायर सुमारे दोन इंच रुंद असावा. रस्ता आणि माती असा मिश्र वापर असेल, तर मध्यभागी जवळजवळ आणि कडेला विरळ गुट्ट्या असलेला टायर घ्यावा. टायरवर छापलेला आकडा हवेची कमाल मर्यादा सांगतो. नेहमी तितकीच हवा भरावी असे नाही. सत्तर किलोच्या स्वारासाठी डांबरी रस्त्यावर ४५ ते ५० पीएसआय, तर मातीच्या वाटेवर ३० ते ३५ पीएसआय हवा साधारणपणे पुरेशी होते. हवा योग्य असेल, तर टायर स्वतःच निम्म्या शॉकअपचे काम करतो!

वीस हजारांची विभागणी

संपूर्ण रक्कम सायकलीवर खर्च करणे ही सर्रास होणारी गोष्ट आहे. मग हेल्मेट ‘पुढच्या पगारात’ जाते आणि बहुधा येतच नाही. खरेदीपूर्वीच पुढीलप्रमाणे विभागणी करावी :

सायकल : १६,००० रु.
हेल्मेट : १,५०० रु.
पुढचा-मागचा दिवा : ८०० रु.
कुलूप : ५०० रु.
पंप, पंक्चर संच, जादा ट्यूब : ७०० रु.
पहिली सर्व्हिसिंग : ५०० रु.

हेल्मेटवर ‘ईएन १०७८’ किंवा ‘सीपीएससी’ मानकाचा उल्लेख असावा. पहिल्या शे-दीडशे किलोमीटरनंतर केबल सैल होतात आणि स्पोकचा ताण बदलतो. त्या वेळी चाकाची आउट काढून घेतली, तर ते पुढे बराच काळ सरळ राहते. सर्व्हिसिंग फुकट मिळणार असल्यास ते बिलावर लिहून घ्यावे. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिलात तो दर तपासावा.

जुनी सायकल घ्यावी का?

जाणकार मित्र सोबत असेल, तर जरूर. याच रकमेत वरच्या श्रेणीची सायकल मिळू शकते. हँडलखालील सांध्याजवळ फ्रेमला तडा, पोपडा किंवा सुरकुती दिसली, तर मात्र परत फिरावे. चेनच्या बारा पूर्ण कड्यांची लांबी नवी असताना ३०.५ सेंटिमीटर असते, ती ३०.८ झाली असेल, तर चेन संपली आहे आणि मागच्या चकत्याही झिजल्या असण्याची शक्यता आहे. हा खर्च किमतीतून वजा करावा. पेडलच्या दांड्याखाली कोरलेला फ्रेम क्रमांक मूळ बिलाशी जुळवून पाहावा. बिल नसेल, तर स्वस्त सायकल महागात पडू शकते.

ऑनलाइन मागवताना

खोक्यातून येणाऱ्या सायकलीचे हँडल, पुढचे चाक आणि पेडल बसवायचे बाकी असते. डावे पेडल उलट आट्यांचे असते. ते घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने घट्ट होते. सरळ दिशेने जोर लावल्यास क्रँकचे आटेच जातात. पुढचा फोर्क उलटा बसवलेल्या सायकलीही पाहावयास मिळतात. जोडणी अनुभवी कारागिराकडूनच करून घ्यावी.

पैसे देण्यापूर्वी

पुढचे व मागचे चाक उचलून फिरवा. ते डावी-उजवीकडे डुलता कामा नये.

प्रत्येक ब्रेक पूर्ण दाबून सायकल ढकलून पाहा. दांडी हँडलला टेकता कामा नये.

पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. हँडलच्या सांध्यात खटखट जाणवू नये.

सर्व गिअर चालवून पाहा. चेन घसरू किंवा अडकू नये.

किमान दहा मिनिटे रस्त्यावर चालवा. दुकानदार नकार देत असेल, तर दुसरे दुकान गाठा.

शेवटी एक मर्यादा ध्यानात घ्यावी. या किमतीची सायकल मातीच्या वाटा, घाटरस्ते आणि रोजच्या वापरासाठी आहे. उंचावरून उड्या मारण्यासाठी नाही. ही मर्यादा सांभाळली, दर आठवड्याला चेन पुसून तेल दिले आणि पावसानंतर ती कोरडी ठेवली, तर वीस हजारांची सायकल कित्येक वर्षे विनातक्रार साथ देईल.