ओठांतल्या टाचण्या

मंगळवार, ३ एप्रिल १९८४. तुम्ही हैदराबादच्या पत्थरगट्टीत एका दुकानात हात पसरून उभे आहात. भावाच्या लग्नासाठी शेरवानी शिवायची आहे. म्हातारे कारागीर मुंढ्याखालून टेप फिरवतात. ओठांत चार टाचण्या धरलेल्या. मग स्टुलाकडे बोट दाखवतात, "अब बैठो मियाँ." बसल्यावर पाठ किती ताणते, ते त्यांना बघायचंय.

रेडिओ लावलेला आहे. ६ वाजून ३८ मिनिटांनी बैकानूरहून सोयूझ टी-११ झेपावतं. त्यात स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा आहेत. मुसी नदी ओलांडून गेलं की आबिड्स. तिथल्या सेंट जॉर्जेस ग्रामर स्कूलमध्ये शिकलेला हा मुलगा, पुढे निजाम कॉलेजचा.

त्यांच्या अंगात 'सोकोल' आहे. १९७१ साली सोयूझ ११ मधली हवा निघून गेली आणि पोशाख न घातलेले तिघं अंतराळवीर दगावले. त्यानंतर हा पोशाख आला. तो बेतलेला आहे बसलेल्या शरीरावर, म्हणून उभं राहिलं की माणूस पुढे वाकतो. यानात बसायला तो चोख आहे. चंद्रावर मात्र चालायचं, गुडघा टेकायचा, दगड उचलायचा.

त्या कामाचे अपोलोचे पोशाख अमेरिकेत डेलावेअरमध्ये शिलाई मशिनीवर शिवले गेले. शिवणाऱ्या बायकांतल्या काही आधी प्लेटेक्सची अंतर्वस्त्रं शिवत. एकदा थरांमध्ये विसरलेली टाचणी सापडली. हवा धरून ठेवणाऱ्या रबरी थराला तिचं टोक लागलं असतं तर? पुढे पोशाखांचे एक्स-रे काढू लागले. मला या सगळ्या कहाणीत तेवढी टाचणीच सर्वांत मोठी वाटते.

परतताना मार्च २०१९ मध्ये क्षणभर थांबा. अंतराळ स्थानकावर दोन बायकांनी मिळून बाहेर काम करायचं ठरलंय, पण मध्यम मापाचं धड एकच तयार आहे. जोडी बदलावी लागते. अॅक्सिऑम कंपनी चंद्रासाठी जो नवा पोशाख घडवते आहे, तो अमेरिकेतल्या निदान ९० टक्के स्त्री-पुरुषांना बसावा, असं उद्दिष्ट आहे. हे फार आधी व्हायला हवं होतं.

पत्थरगट्टीत माप संपलंय. म्हातारबाबा ओठांतल्या टाचण्या काढून डबीत टाकतात, एकेक मोजत. चारही आहेत.