एक लांब, दोन आखूड

गेल्या शनिवारी सांगलीला घरी गेलो, तर बाबांनी दारातच बातमी दिली, "अरे, कॉम्प्युटर गेला."

कॉम्प्युटर म्हणजे दुकानातला असेंबल्ड पीसी. मी सातवीत असताना, २०१० साली घेतलेला. बटण दाबलं की पंखा फिरतो, पण मॉनिटरवर फक्त 'नो सिग्नल'. रिपेअरवाला येऊन "मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या" असं सांगून गेला होता. हार्ड डिस्क काढून फाइल्स वाचवता आल्या असत्या, पण बिलिंगचं सॉफ्टवेअर इतकं जुनं की नवीन मशीनवर ते चालेल याची खात्री नाही. आणि त्यात बाबांची चौदा-पंधरा वर्षांची उधारी-वसुली. आई काही बोलत नव्हती, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

मी कॅबिनेट उघडलं आणि पहिली गोष्ट शोधली ती म्हणजे स्पीकर. गाणी ऐकायचा नव्हे, मदरबोर्डला लागणारा छोटा बझर. तो नव्हताच! मशीन कदाचित कधीपासून ओरडत असेल, पण त्याला तोंडच नव्हतं.

हे ओरडणं मुळात आलं कुठून, ती गोष्ट मजेदार आहे.

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने आपला पहिला पीसी, मॉडेल ५१५०, जाहीर केला. आत इंटेलचा ८०८८ प्रोसेसर, ४.७७ मेगाहर्ट्झचा. बेसिक मॉडेलची रॅम फक्त १६ केबी. हा प्रोसेसर चालू झाला की डोळे झाकून एकाच पत्त्यावर जातो. तो पत्ता म्हणजे १ एमबीची हद्द संपायच्या फक्त १६ बाईट अलीकडे. तिथे एवढंच लिहिलेलं असतं की अमुक ठिकाणी उडी मार. त्या उडीनंतर सुरू होते 'पॉवर ऑन सेल्फ टेस्ट', म्हणजे आपली पोस्ट.

आता त्या इंजिनिअर लोकांची अडचण बघा. मशीन बिघडलंय हे सांगायचंय, पण सांगायचं कशावर? व्हिडिओ कार्डच बंद असेल तर 'व्हिडिओ कार्ड बंद आहे' हे स्क्रीनवर कसं लिहिणार? म्हणून तपासणीचा क्रम आतून बाहेर ठेवला. आधी प्रोसेसर स्वतःला तपासतो, मग रॉमची बेरीज, मग पहिली १६ केबी रॅम, आणि असं करत करत व्हिडिओ. रॅम तपासायला तिच्यात ठरावीक आकडे लिहायचे, परत वाचायचे, जुळतात का बघायचं. तेव्हाही असंच, आजही तत्त्व तेच.

आणि बोलायला स्पीकर. एक टायमर चिप आणि एक साधा स्पीकर, एवढ्यावर काम भागतं. एक आखूड बीप म्हणजे सगळं ठीक. एक लांब, दोन आखूड म्हणजे डिस्प्लेची भानगड. पण खुद्द प्रोसेसरच तपासणीत नापास झाला तर? तर प्रोग्रॅम मुकाट्याने थांबतो. बीप वाजवायलाही कुणीतरी शुद्धीवर लागतंच ना! म्हणजे शांतता हीसुद्धा एक माहिती होती: बिघाड खूप आत आहे.

आयबीएमने बायोसचा सगळा कोड आपल्या टेक्निकल रेफरन्स मॅन्युअलमध्ये छापला होता. वाचा खुशाल, पण कॉपीराइट आमचा. कॉम्पॅकने यातून वाट काढली. एका टीमने बायोस काय काय करतो त्याची यादी केली, आणि तो कोड कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या टीमने त्या यादीवरून नवा कोड लिहिला. त्यातून कॉम्पॅक पोर्टेबल आला, घोषणा नोव्हेंबर १९८२ ची. १९८४ मध्ये फिनिक्सने असाच बायोस कुणालाही विकायला काढला. मग एएमआय, अवॉर्ड वगैरे आले आणि क्लोनचा पूर आला. लॅमिंग्टन रोडवर सुटे पार्ट घेऊन पीसी जोडता आला, तो याच पुराच्या कृपेने.

पण त्यात बीपची भाषा फुटली. अवॉर्डने व्हिडिओसाठी 'एक लांब, दोन आखूड' ठेवलं, तर एएमआयमध्ये आठ आखूड. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, इथे दर चिपला बदलली. १९८४ च्या आयबीएम एटीपासून पोस्टच्या प्रत्येक पायरीचा नंबर पोर्ट ८० वर जाऊ लागला. तो दाखवणारं दोन आकडी कार्ड ज्याच्याकडे, तो मोठा रिपेअरवाला.

असो. माळ्यावर एक भंगार कॅबिनेट होतं. त्यातला बझर काढून बोर्डाच्या स्पीकर पिनांना लावला आणि बटण दाबलं. लांब बीप... परत लांब बीप... परत. बायोस अवॉर्डचा होता, म्हणजे तक्रार रॅमची! वीज बंद करून, वायर काढून रॅम बाहेर काढली. कॉन्टॅक्ट काळवंडले होते. खोडरबर हलक्या हाताने फिरवला, कण झटकले, रॅम दोन्ही बाजूंनी 'टक' होईपर्यंत दाबली. पुन्हा बटण.

एक आखूड बीप. मग स्क्रीन.

"काय म्हणाला तो?" बाबांनी विचारलं.

"सगळं ठीक आहे म्हणाला."

आजकाल बऱ्याच कॅबिनेटसोबत बझर येत नाही. कित्येक नव्या बोर्डांवर त्याच्या जागी चार छोटे दिवे असतात: सीपीयू, रॅम, व्हिडिओ, बूट. सोय चांगली आहे, पण सगळ्याच बोर्डांवर नाही. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी विचार केला होता की मशीन मरताना निदान कशाने मरतंय ते सांगून मरावं. ते ऐकायचा जुगाड आपण चार पैसे वाचवायला काढून टाकला, आणि मग 'मदरबोर्ड गेला' हेच एक निदान उरलं.

रविवारी दिवसभर बसून बाबांच्या हिशोबाचा बॅकअप घेतला. बझर आतच ठेवलाय. तुमच्या कॅबिनेटमध्ये आहे का, एकदा उघडून बघा.