दोनशे, दोनशे... आणि फेब्रुवारीत तीनशे

पगाराची स्लिप नीट वाचणारी माणसं फार कमी. आपण सरळ सगळ्यात खालचा आकडा बघतो, एक सुस्कारा सोडतो आणि पीडीएफ बंद करतो. या वीकेंडला मात्र जरा ती डिडक्शन्सची बाजू बघा. पीएफ कळतो, टीडीएस तर डोळ्यात पाणी आणून कळवला जातो. त्यांच्याखाली एक बारीकशी ओळ असते : प्रोफेशन टॅक्स, दोनशे रुपये. अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. का? कुणी विचारत नाही. पिझ्झ्याच्या निम्म्या पैशांसाठी कोण एचआरला मेल लिहिणार?

मला हा प्रश्न पडला तो धंद्यापायी. पगाराचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी ती अट लिहावी लागते : महिना फेब्रुवारी असेल तर तीनशे, नाहीतर दोनशे. मग कंपनी दुसऱ्या राज्यात ऑफिस उघडते, तिथे नव्याने नोंदणी करावी लागते, नवा नंबर मिळतो आणि टेबलमध्ये नवी रांग येते. मध्य प्रदेशची रांग अशी : वरच्या पगारांना अकरा महिने २०८ आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यात २१२. आता गंमत बघा. २०० गुणिले ११ अधिक ३०० म्हणजे २५००. आणि २०८ गुणिले ११ अधिक २१२? तेही २५००! दोन राज्यं, दोन कायदे, दोन नंबर, आणि बेरीज पैशापर्यंत तीच. तेव्हा हा आकडा त्या राज्यांनी ठरवलेला नसणार. कुणीतरी वरून भिंत घातली आहे आणि दोघंही जाऊन तिलाच टेकलेत.

ही भिंत कशी बांधली गेली ते बघायला गोंदियासारखी जागा नाही. पुण्या-मुंबईच्या लोकांना गोंदिया म्हणजे एका एक्सप्रेसच्या पाटीवरचं नाव. नकाशात महाराष्ट्राच्या पार पूर्वेच्या टोकाला बघा. उत्तरेला मध्य प्रदेशातलं बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड. धानाच्या गिरण्या, तेंदूपत्ता, विडीचा धंदा. गोंदियाच्या गिरणीमालकाने बालाघाटला दुसरी गिरणी टाकली तर अंतर जेमतेम तासाभराचं, पण तिथल्या नोकरांच्या पगारासाठी नोंदणी दुसऱ्या राज्यात. आणि या गावाने तर एक वेगळाच प्रकार अनुभवलाय. धंदा जागचा हलला नाही, राज्यच बदलत राहिलं!

१९५० पर्यंत गोंदिया मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होतं. घटना लागू झाली तेव्हा त्याच प्रांताचं मध्य प्रदेश झालं, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं, ते इकडे आलं. शेजारचं बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं, त्याची राजधानी भोपाळ झाली. १ मे १९६० ला महाराष्ट्र. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून फुटून गोंदिया जिल्हा. म्हणजे १९४५ साली गोंदियात गल्ल्यावर बसलेला माणूस १९६० पर्यंत तिथेच बसून राहिला असेल, तर त्याने चार वेगवेगळ्या नावांच्या सरकारांना कर भरला.

बरं, राज्य बदललं म्हणून रात्रीत कायदा बदलत नाही. राज्य पुनर्रचनेच्या १९५६ च्या कायद्यातच तशी सोय होती : नवं सरकार बदल करत नाही तोवर जुन्या मुलखात जुनाच कायदा चालू. त्यामुळे मुंबईच्या राज्यात आल्यावरही विदर्भात विक्रीकर मध्य प्रांत-वऱ्हाडच्या १९४७ च्या कायद्याने चालला. सगळ्या राज्याला एकच विक्रीकर कायदा लागू झाला १ जानेवारी १९६० ला, आणि चार महिन्यांत ते राज्यच दुभंगलं! आपल्या भाषेत सांगायचं तर मायग्रेशन पूर्ण झालं आणि लगेच सर्व्हर बदलला.

आता पुन्हा त्या भिंतीकडे. १९३५ च्या कायद्याने प्राप्तिकर केंद्राकडे ठेवला, पण व्यवसाय, धंदे आणि नोकऱ्यांवर कर बसवायचा अधिकार प्रांतांना दिला. १९३७ साली काँग्रेसची मंत्रिमंडळं आली. संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, पंतांच्या सरकारने १९३९ मध्ये मोठ्या पगारांवर 'नोकरी कर' लावायचं विधेयक आणलं. आता मोठे पगार कुणाचे होते? त्यात गोऱ्या साहेबांचे आलेच. ओरड झाली की हा तर मागच्या दाराने आणलेला प्राप्तिकर! मग ब्रिटिश पार्लमेंटने १९४० मध्ये १९३५ च्या कायद्यात एक नवं कलम घुसडलं : असा कर खुशाल लावा, पण एका माणसाकडून वर्षाला ५० रुपयांच्या वर नाही.

साहेब गेला, भिंत राहिली. घटनेच्या कलम २७६ मध्ये ती जशीच्या तशी आली, फक्त उंची वाढवून २५० केली.

ही भिंत नुसती कागदावर नव्हती, हे विदर्भातल्याच एका खटल्याने दाखवलं. तेव्हा हा कर राज्य नव्हे तर नगरपालिका घेत. अमरावती जिल्ह्यातलं धामणगाव कापसाचं गाव. तिथली नगरपालिका जिनिंग-प्रेसिंगवाल्यांकडून किती कापूस पिंजला, किती गाठी बांधल्या यावर कर घेत असे. गाठी जास्त तर कर जास्त, आणि तो २५० च्या पुष्कळ वर जाई. एक कंपनी कोर्टात गेली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं आणि १९६५ मध्ये निकाल लागला : घटनेच्या मर्यादेवरचा कर घटनाबाह्य, आणि तो परत मागायला दिवाणी दावा चालतो. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल आजही वाचतात. धामणगावच्या नगरपालिकेला मात्र तो चांगलाच जड गेला असणार.

इथपर्यंतची गोष्ट कर कमी कसा ठेवायचा याची आहे. पुढची गोष्ट त्या कराचं करायचं काय याची, आणि मला ती जास्त आवडते.

१९७२ चा दुष्काळ. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, मिलोची भाकरी आणि खडी फोडायची कामं त्यांना आठवत असतील. लाखो माणसं सरकारी कामांवर होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्याआधीच सांगलीकडच्या आपल्या भागात एक कल्पना करून पाहिली होती : मागेल त्याला काम, आणि ते दान म्हणून नाही तर हक्क म्हणून. दुष्काळात ही योजना राज्यभर पसरली. पण 'मागेल त्याला काम' म्हणजे 'मागेल तेव्हा पैसा' हे उघड होतं. तो आणायचा कुठून?

उत्तर १ एप्रिल १९७५ ला आलं. महाराष्ट्र राज्य व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्यांवरील कर कायदा. नाव लांबलचक, पण युक्ती साधी. ज्याला दरमहा पगार मिळतो त्याने थोडं द्यायचं, म्हणजे ज्याला रोजगारच नाही त्याला काम देता येईल. नगरपालिकांचा हा कर बंद करून राज्याने तो स्वतःकडे घेतला आणि त्यांना भरपाई देऊ केली. मग रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने एकमताने मंजूर केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यात एक अट अशी की या करांतून निधीत जितकं जमेल तितकीच रक्कम सरकारने स्वतःच्या तिजोरीतून घालायची. म्हणजे तुमच्या दोनशेला सरकारचे दोनशे.

तर ती स्लिपवरची ओळ हीच! नरिमन पॉइंटच्या कारकुनाच्या पगारातून निघून ती खेड्यातल्या बंधाऱ्यावर जायची.

आणि म्हणून नोंदणी. ज्याच्याकडे कराइतका पगार घेणारी माणसं आहेत त्या मालकाने तीस दिवसांत नोंदणीचा दाखला घ्यायचा (पीटीआरसी), आणि स्वतःच्या धंद्याचा वेगळा (पीटीईसी). एक दुसऱ्याचा कर कापून भरण्यासाठी, दुसरा स्वतःचा भरण्यासाठी. नवीन उद्योजक इथे हमखास गोंधळतात. मालकाने कापायचं राहून गेलं तरी भरायची जबाबदारी त्याचीच. २०२० पासून महाराष्ट्रात नवी कंपनी स्थापन करतानाच, त्याच ऑनलाइन फॉर्ममध्ये ही नोंदणी उरकते. अमेरिकेत जाऊन आलेल्या मंडळींना हे ओळखीचं वाटेल. तिकडेही कंपनीने नव्या राज्यात पहिला माणूस नेमला की तिथे पगारातल्या कपातीसाठी आणि बेरोजगारी विम्यासाठी बहुतेक नोंदणी करावीच लागते.

पण 'माझ्याकडे किती नोकर आहेत?' हा फॉर्ममधला सोपा प्रश्न गोंदियात सोपा नव्हता. विडीचा धंदा घ्या. कारखानदार पानं आणि तंबाखू सट्टेदाराला देणार, सट्टेदार घरोघर वाटणार, बायका घरी विड्या वळून आणून देणार. आता ती बाई नोकर कुणाची? कारखान्यात येऊन वळणाऱ्यांबद्दलसुद्धा एकमत नव्हतं. नागपूरच्या एका कारखान्यातले विडीवाले कामगार ठरतात असं सुप्रीम कोर्ट म्हणालं, आणि थोड्याच काळाने सिन्नरच्या एका कारखान्यातला विडीवाला कामगार ठरत नाही असंही म्हणालं. घरी वळणाऱ्या बाईला कायद्याने ओळखायला १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा यावा लागला. १९७७ मध्ये विडीधंद्याला भविष्य निर्वाह निधी लागू झाला, आणि घरी वळणाऱ्यांनाही तो लागू होतो यावर १९८५ मध्ये कोर्टाने शिक्का मारला. हजेरीपटावर नाव लागणं म्हणजे काय, हे आयडी कार्ड गळ्यात घालून फिरणाऱ्या आपल्याला कळणं जरा अवघडच आहे.

आता त्या २५०० कडे. डिसेंबर १९८८ मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीने मर्यादा २५० वरून २५०० केली. मध्य प्रदेशाने १९९५ मध्ये आपला वृत्तिकर आणला आणि तोही त्याच भिंतीला टेकला. ज्या प्रांताच्या भांडणातून भिंत उभी राहिली त्या उत्तर प्रदेशात मात्र आज राज्य सरकार पगारातून असा कर कापतच नाही!

१९८८ नंतर ती उंची बदललेली नाही. चौथ्या वेतन आयोगात केंद्राच्या सगळ्यात खालच्या कर्मचाऱ्याचं मूळ वेतन ७५० रुपये होतं. म्हणजे २५०० म्हणजे त्याचे तीन महिन्यांहून जास्त दिवसांचे पैसे. सातव्या आयोगात तेच मूळ वेतन १८,००० झालं. आता २५०० म्हणजे चार दिवसांचे. आकडा तोच, पण आतून पोकळ झाला. आणि महाराष्ट्रात महिन्याला दहा हजारांहून थोडं जास्त मिळवणारा वॉचमन आणि तो ज्या बिल्डिंगच्या दारात बसतो तिथल्या पेंटहाउसमधला डायरेक्टर, दोघांचा पगारातला कर सारखाच : वर्षाला २५००. महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर एप्रिल २०२३ पासून सूट आहे, तेवढाच काय तो फरक.

म्हणजे १९४० मध्ये ज्यांच्या मोठ्या पगारांना हात लागू नये म्हणून भिंत घातली, तिचा फायदा आज कुणाला मिळतो? आपल्याला. तुम्हाला, मला. साहेबाच्या खुर्चीत आता आपण बसलोय.

'टॅक्स वाढवा' असं म्हणणारा माणूस वीकेंडला कुणालाच नको असतो, याची मला कल्पना आहे :) पण गोंदियात एकदा उन्हाळ्यात जाऊन बघा. धानाचं पीक निघालं की कोरडवाहू माणसाच्या हाताला काम उरत नाही. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा, नाहीतर मामा तलावाचा (माजी मालगुजारी तलाव, या भागाचं वैभव) गाळ काढायच्या कामावर जायचं. महाराष्ट्राची ही कल्पना देशाने २००५ मध्ये उचलली. २ फेब्रुवारी २००६ ला राष्ट्रीय रोजगार हमी पहिल्यांदा ज्या २०० जिल्ह्यांत सुरू झाली त्यात गोंदिया होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला. नावं बदलत राहतील, राज्यं बदलली तशीच. तलावातला गाळ मात्र कुणालातरी काढावा लागणार आणि त्याची मजुरी कुणालातरी द्यावी लागणार.

घरून काम सुरू झाल्यापासून बंगळूरची कंपनी आणि गोंदियात बसलेला इंजिनियर अशा जोड्या नवलाच्या राहिल्या नाहीत. मग त्या कंपनीच्या एचआरला महाराष्ट्रात नोंदणी करताना वैताग येतो, फॉर्म भरताना ती शिव्या घालते. घालू दे. फक्त एखाद्याने तिला सांगावं की या दाखल्याचा अर्थ मुळात असा होता : आमच्या राज्यात पगार देताय ना, मग ज्याला पगार नाही त्याचंही थोडं बघा.