भुयाराच्या पलीकडे कोण आहे?

आजचा विषय वाचून काहींनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्यांनी संगणकातल्या फायलींवर कशाला बोलावं? प्रश्न रास्त आहे. उत्तर ओघात येईलच. आधी आपण इतिहास पाहू.

एका संगणकावरची फाइल दुसऱ्यावर न्यायची कशी, याचे नियम एप्रिल १९७१ मध्ये कागदावर आले. ते लिहिले अभय भूषण यांनी. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतला हा विद्यार्थी तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होता. या नियमांना नाव मिळालं फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल, म्हणजे एफटीपी. त्या वेळचं जाळं म्हणजे मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था. गावात सगळे ओळखीचे असले की दाराला कुलूप लागत नाही, तसंच इथे झालं. नाव, पासवर्ड, फाइल, सगळं तारेवरून उघडंच जायचं. यात त्यांची चूक काढू नये. गाव लहान होतं.

पण गावाचं शहर झालं आणि दारं तशीच उघडी राहिली. १९९५ साली फिनलंडमध्ये, हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यात कुणीतरी एक चोरटा प्रोग्रॅम बसवला. तारेवरून जाणारे पासवर्ड तो नुसता ऐकायचा आणि टिपून ठेवायचा. तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी यावर उपाय म्हणून सिक्युअर शेल, म्हणजे एसएसएच लिहिलं आणि त्याच वर्षी जुलैत सर्वांना मोफत देऊन टाकलं. एफटीपीचा दरवाजा २१ क्रमांकाचा, दूरच्या संगणकावर काम करण्याच्या टेलनेटचा २३ क्रमांकाचा. मधला २२ रिकामा होता. युलोनेन यांनी तो रीतसर अर्ज करून मागितला आणि त्यांना तो मिळालाही. ज्या दोघांची जागा घ्यायची, त्यांच्या मधोमध जाऊन बसणं, गंमत आहे बघा!

पुढे एसएसएचची दुसरी, सुधारलेली आवृत्ती आली. तिच्यासोबत फायली नेण्याची नवी पद्धत आली, एसएफटीपी. नावावरून वाटतं की जुन्या एफटीपीलाच कुलूप लावलंय. तसं नाही. तो वेगळाच प्रोटोकॉल आहे आणि एसएसएचने खणलेल्या भुयारातून तो चालतो.

आता हे भुयार खणतात कसं? १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी एक थक्क करणारी गोष्ट दाखवली. दोन अनोळखी माणसं चारचौघांत मोठ्याने बोलून एक गुपित तयार करू शकतात, आणि ऐकणाऱ्यांना ते कळत नाही. त्या गुपितातून कुलूप घडतं. पण थांबा. या गणितात एक प्रश्न सुटलेला नाही. आपण गुपित ठरवलं, पण ठरवलं कुणाशी? मध्येच एखादा लबाड उभा राहिला, आपल्याशी एक गुपित ठरवलं आणि पलीकडच्याशी दुसरं, तर? कुलूप अस्सल, पण किल्ली लबाडाच्या खिशात.

म्हणून एसएसएचमध्ये प्रत्येक सर्व्हरला स्वतःची एक कायमची किल्ली असते. तिचा गुप्त भाग वापरून सर्व्हर सही करतो, उघड भाग वापरून आपण ती सही तपासतो. पहिल्या भेटीत आपला संगणक विचारतो: हा सर्व्हर ओळखीचा नाही, त्याच्या किल्लीचा ठसा असा आहे, पुढे जायचं का? खरं तर तो ठसा दुसऱ्या मार्गाने, फोन करून म्हणा, पडताळायला हवा. बहुतेक जण न वाचताच ‘हो’ म्हणतात. मग ती किल्ली नोंदवून ठेवली जाते आणि पुढच्या प्रत्येक भेटीत मिळवून पाहिली जाते.

इथे आमच्यासारख्यांचे कान टवकारतात. भारतीय दर्शनांत याला प्रत्यभिज्ञा म्हणतात, ‘हा तोच देवदत्त’ अशी ओळख. तिला दोन गोष्टी लागतात, आजचं दर्शन आणि कालची आठवण. आठवणच पुसली, तर देवदत्त म्हणून कुणीही समोर उभा राहील.

आमचा एक जुना विद्यार्थी, तर्कशास्त्र शिकून पुढे प्रोग्रॅमिंगकडे वळलेला. त्याचा प्रोग्रॅम रोज रात्री पगाराच्या फायली एसएफटीपीने पाठवायचा. चाचणीच्या वेळी अनोळखी किल्ली आली म्हणून प्रोग्रॅम अडला. घाई होती. त्याने एक ओळ लिहिली: कुठलीही किल्ली आली तर स्वीकार. काम चालू झालं. ओळ तशीच राहिली, तीन वर्षं! आणि किल्ली कुठे नोंदवलीही जात नव्हती, म्हणजे प्रत्येक रात्र पहिल्या भेटीची. तो म्हणाला, ‘‘सर, चोरी झाल्याचा पुरावा नाही. पण तीन वर्षं आम्ही कुणाच्या हातात फायली दिल्या, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.’’

ही सोय करून देणाऱ्या ओळी सगळीकडे मिळतात. पायथनच्या पॅरामिको लायब्ररीचा मूळ स्वभाव अनोळखी किल्ली नाकारण्याचा आहे, पण एका ओळीत तो बदलता येतो. जावाच्या जेएसश लायब्ररीत ‘स्ट्रिक्ट होस्ट की चेकिंग’पुढे ‘नो’ लिहिलं की झालं.

यावर कुणी म्हणेल, किल्ल्या तर खऱ्या कारणानेही बदलतात. बरोबर. मार्च २०२३ मध्ये गिटहबने आपली आरएसए किल्ली बदलली, कारण तिचा गुप्त भाग काही काळ चुकून उघड्यावर आला होता. जगभर प्रोग्रॅमरांच्या पडद्यावर इशारे झळकले. गिटहबने नव्या किल्लीचा ठसा आपल्या संकेतस्थळावर जाहीर केला. तो मिळवून पाहायचा, जुनी नोंद काढायची, नवी करायची. पाच मिनिटांचं काम. इशारा आला म्हणजे चोर आलाच असं नाही, पण इशाराच बंद केला तर चोर आणि पाहुणा यांत फरक करणार कसा?

तेव्हा मंडळी, गुप्तता आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गणिताने आपल्याला पहिली दिली. दुसरी आपणच सांभाळायची असते, आणि ती गमावायला एक ओळ पुरते. आपल्यापैकी जे असे प्रोग्रॅम लिहितात, त्यांनी उद्या कामावर गेल्यावर ती ओळ आपल्याकडे आहे का, एवढं शोधावं. सापडली तर काढावी, पण त्याआधी खऱ्या सर्व्हरच्या किल्लीचा ठसा फोन करून विचारून घ्यावा.

आता प्रश्न घेऊ या.